मोहाला पोरं नसलेलं गाव

ही गोष्ट माझ्या आज्याच्याही आज्याच्या आधीची. डोंगराच्या कुशीत एक लहान गाव होतं. तिथं रानातली मोहाची झाडं घराघरांत वाटून दिलेली होती. ज्याचं झाड, त्याची फुलं. ती वाळवून ठेवायची आणि पावसाळाभर खायची.

कोसी नावाच्या एकट्या बाईच्या वाट्याला एकच झाड होतं. एका वादळात ते पडलं.

ती गावच्या म्होरक्याकडे गेली. तो म्हणाला, "रानात कुणाचं नसलेलं झाड शोध, बाई. दुसऱ्याचं काढून तुला कसं देऊ?"

कोसी तीन दिवस हिंडली. जुनी झाडं सगळी कुणा ना कुणाची होती, आणि कोवळा मोह कुठं दिसेना. चौथ्या दिवशी एक म्हातारं अस्वल भेटलं.

"मीही शोधून दमलो," अस्वल म्हणालं. "फुलं वेचायला सोपं जावं म्हणून तुम्ही दरवर्षी झाडाखालचा पाला जाळता. त्यात रोपंही जळतात. मग मोहाला पोरं होणार कशी?"

कोसीनं हे गावात सांगितलं. लोक हसले.

"आता अस्वल आपल्याला शिकवणार का?" म्होरक्या म्हणाला.

"नका ऐकू त्याचं," कोसी शांतपणे म्हणाली. "फक्त तुमच्यापेक्षा लहान वयाचं एक तरी मोहाचं झाड मला दाखवा, दादा."

म्होरक्यानं बोटांवर एकेक झाड मोजून पाहिलं. सगळी त्याच्यापेक्षा थोरलीच निघाली.

त्या वर्षी कुणी पाला जाळला नाही. झाडून बाजूला केला. पाऊस लागताच सगळ्यांनी मिळून धानाच्या बांधांवर मोहाच्या बिया लावल्या. बांध कुणाचाही असो, झाड गावाचं, असं ठरलं.

एक जण कुरकुरला, "सावलीत माझं धान खुरटेल."

"मग तुझ्या वाट्याची दोन झाडं माझ्या बांधावर लाव," म्होरक्या म्हणाला.

रोपं खाऊ नयेत म्हणून शेळ्या आळीपाळीनं राखल्या. झाडं मोठी होईपर्यंत प्रत्येक घरानं कोसीला दरसाल टोपलीभर फुलं दिली.

बारा वर्षांनी बांधावर पहिली फुलं पडली. म्होरक्या काठी टेकत आला. "कोसे, पहिली ओंजळ तुझी."

"कंबर वाकत नाही आता. तुम्हीच वेचा, दादा."

"माझी तर तुझ्याही आधी गेली."

मग दोघंही झाडाखाली बसले आणि बसल्या जागेवरून वेचू लागले. त्यानंतर त्या गावात मोहाच्या फुलांसाठी कुणाला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

बोध: एकट्याचं झाड एक दिवस पडतं, गावानं मिळून राखलेली झाडं पोराबाळांना पुरतात.