संपादकांनी दाद दिलेला अग्रलेख

ही १९८४ सालची मिरजेतली गोष्ट. आम्हा कॉलेजच्या पोरांचा वाद्यवृंद म्हणजे एक पेटी, एक उसनी गिटार, माझी ढोलकी आणि नसीम शिकलगारचा गळा. 'नवदीप' साप्ताहिकाचे वयस्कर संपादक हसबनीस अण्णांनी आमच्यावर अग्रलेख लिहिला, 'वाया गेलेली पिढी'. तो वाचून वाचनालयाने आमची तालमीची खोली काढून घेतली.

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला अण्णाच अध्यक्ष होते. भर सभेत ते म्हणाले, "या मुलांनी एक तरी अर्थपूर्ण गाणं म्हणून दाखवावं!"

नसीम उठली आणि गाऊ लागली, "केसांचा कोंबडा काढून हिंडणारी ही पोरे गळा काढण्यापलीकडे करतात तरी काय? यांच्या हाती देश द्यायचा काय?"

अण्णांनी मांडीवर ताल धरला. "वा! आजच्या पोरांचं हुबेहूब वर्णन. कुणी लिहिलं?"

"तुमच्याच साप्ताहिकानं, अण्णा. सदतीस सालच्या अंकात, गणेशोत्सवातल्या मेळ्याच्या पोरांवर. आम्ही फक्त चाल लावली. खाली पोरांची नावंही छापलीत. पेटीवर, मोरेश्वर हसबनीस."

सभागृहात हशा उसळला. अण्णा मात्र हळूच म्हणाले, "तो अंक वाचून वडिलांनी माझी पेटी विकून टाकली होती गं."

खोली आम्हाला दुसऱ्याच दिवशी परत मिळाली. पण मला अजून आठवतात ते मंचावर चढून आमची पेटी पुढ्यात ओढणारे अण्णा. भाता उघडत त्यांनी नसीमला विचारलं, "तुझी पट्टी कोणती?"