सेरतोचा कंगवा

उत्तरेच्या टुंड्रात, जिथे झाड म्हणजे गुडघ्याएवढे झुडूप, तिथे सेरतो नावाचे तळे आहे. तिथल्या नेनेट्स लोकांच्या भाषेत ‘सेर’ म्हणजे पांढरे आणि ‘तो’ म्हणजे तळे. पाणी मात्र कोऱ्या चहासारखे तपकिरी आहे. काठावरच्या खांबाला एक दोरी बांधलेली असते. तिला जागोजागी गाठी, आणि टोकाला हाडाचा पांढरा कंगवा. हे काय, असे पाहुण्यांनी विचारले, की साव्ने आजी आधी बसायला रेनडिअरचे कातडे अंथरतात आणि मगच सांगायला लागतात.

फार पूर्वी या तळ्याचा तळ दिसत असे, म्हणे. याब्को नावाचा म्हातारा इथले मासे नावानिशी ओळखतो, अशी थट्टा चाले. त्याची सून हादने. सासूने मरताना आपला पांढरा कंगवा तिच्या केसांत खोवला होता. तो कंगवा आणि चार वर्षांची लेक, या दोन गोष्टी हादने क्षणभरही नजरेआड होऊ देत नसे.

इथे हातभर मातीखाली जमीन बारा महिने गोठलेली असते. पण एका वर्षी उन्हाळा हटेचना. खालचा बर्फ वितळला, काठ खचला आणि युगानुयुगे गोठून पडलेली काळी माती, कुजके शेवाळ, सगळे तळ्यात उतरले. पाणी पिवळे झाले, मग तपकिरी.

याब्को खूश! चहाची पत्ती तेव्हा नुकतीच व्यापाऱ्यांच्या घसरगाड्यांवरून येऊ लागली होती. “बघ पोरी, तळ्यानेच चहा टाकलाय! आता पत्तीची वाट बघायला नको.” सगळे हसले आणि वाट्या भरभरून प्यायले.

चौथ्या दिवशी हादनेच्या लेकीचे पोट बिघडले. आठव्या दिवशी तिला उठवेना.

“बाबा, तंबू उचलू या,” हादने म्हणाली. “वर खडकातल्या तळ्यावर जाऊ.”

याब्कोच्या बायकोला याच काठावर पुरले होते. “तिला एकटीला टाकून? पाण्याला काय धाड भरलीय? मला अजून तळ दिसतो.”

हादनेने वाद घातला नाही. तिने केसांतला कंगवा काढला, रेनडिअरच्या स्नायूच्या दोऱ्याला बांधला आणि पाण्यात सोडला. कोपरभर खोल जाताच तो नाहीसा झाला.

“दिसतोय का, बाबा?”

“दिसतोय की,” म्हातारा म्हणाला. पण बघत होता आभाळाकडे.

हादनेने त्याच पाण्याने वाटी भरली आणि त्याच्या हातात दिली. “मग ही तुमच्या हाताने नातीला पाजा.”

असे सांगतात, की म्हातारा वाटी घेऊन पोरीजवळ गेला. तिने सवयीने तोंड उघडले. त्याचा हात मात्र पुढे जाईना.

“दिसत नाही गं,” तो म्हणाला. “तिचा कंगवा मला दिसत नाही.”

त्याच दिवशी तंबू हलले. वरच्या पाण्यावर पोर आठवड्यात हिंडूफिरू लागली. सासूला सोबत म्हणून हादनेने कंगवा काठावरच ठेवला. आजारी माणसाची विचारपूस करावी, तशी दर उन्हाळ्यात सगळी मंडळी येऊ लागली. कंगवा पाण्यात सोडायचा आणि तो दिसेनासा होताच दोरी पाण्याला जिथे टेकेल तिथे गाठ मारायची, असे सुरू झाले.

आजही मारतात. मधली कित्येक वर्षे गाठी कंगव्यापासून दूर दूर गेल्या, तळे सावरत होते. आता पुन्हा कंगव्याजवळ सरकताहेत. मागे शहरातून पाणी तपासायला एक साहेब आले होते. कंगव्याकडे ओझरते बघून म्हणाले, “दिसतोय, दिसतोय, पाणी उत्तम आहे.” आजींनी वाटी भरली. “साहेब, लेकरं आहेत ना घरी? न्या त्यांच्यासाठी.” साहेबांनी वाटी खाली ठेवली. त्या वर्षीची गाठ आजींनी त्यांच्याच हातून मारून घेतली.

एवढ्या तपकिरी तळ्याला पांढरे का म्हणायचे, नाव बदला की, असे एखादा पाहुणा म्हणतोच. आजी तेवढ्यापुरत्या रागावतात.

“माणूस आजारी पडलं, म्हणून त्याचं नाव बदलता का तुम्ही?”