नुसता शब्दच ना?

"तळं बुजवा," राजा वीरकेतू म्हणाला. "मला घोडी पळवायला मैदान हवं."

भोयांची वस्ती हादरली. त्या तळ्यातल्या मासळीवर आणि शिंगाड्यांवरच त्यांच्या चुली पेटत. म्हातारा गणोजी भोई दरबारात गेला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, तळ्यात साती आसरा राहतात, म्हणून तर त्याला आसरांचं तळं म्हणतात. पाण्यातल्या बहिणी त्या. त्यांना बेघर करू नका."

राजा हसला. "आसरा म्हणे! परी, जखीण, गिऱ्हा, चकवा. शास्त्रीबुवा, आणखी काय काय असतं?"

"मुंजा, यक्षिणी, झोटिंग," शास्त्रीबुवांनी पाठ म्हणून दाखवला.

"ऐकलंस म्हाताऱ्या? नावं ढीगभर, दिसायला एकही नाही. आसरा हा नुसता शब्द. तोंडातून निघाला, वाऱ्यावर गेला."

गणोजीच्या मागे त्याची लेक राही उभी होती. बापाची खाली गेलेली मान तिला बघवेना.

"सरकार, त्या दाखवल्या तर?"

"तर तळं राहील. नाही दाखवल्या, तर मातीची पहिली पाटी तू टाकायचीस."

बोललेलं गिळणारी राही नव्हती. "कबूल. मात्र त्या पाणी सोडून येत नाहीत. सरकारांनीच यावं. उद्या भर दुपारी, सगळा दरबार घेऊन."

दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात दरबार काठावर उभा राहिला. वारा पडलेला. पाणी हिरवंगार, गप्प.

भर दुपारी काठावर त्या पाण्यातल्या बहिणींचं नाव घ्यायचं नाही, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घेतलं की त्या येतात, आणि घेणाऱ्याला घेऊन जातात. तिथे म्हणायचं ते फक्त 'माउल्या'.

"हं, दाखव," राजा म्हणाला.

"नावाने हाक मारली की येतात, सरकार. कुणीही मारावी."

राजाने सेनापतीकडे पाहिलं. सेनापतीचा मिशीवरचा हात खाली आला. "परक्या बायकांना नावाने हाक मारणं शिपायाला शोभत नाही, महाराज."

"शास्त्रीबुवा?"

"माझं आज मौन आहे."

"मग आता बोललं कोण?"

शास्त्रीबुवांनी तोंडावर उपरणं धरलं.

"प्रधानजी, तुम्ही मारा."

"माझी सून पोटुशी आहे, महाराज. घरी विचारून येतो." आणि प्रधानजी घोड्याआड झाले.

"भित्रे लेकाचे," म्हणत राजा स्वतः पुढे झाला. त्याने घसा खाकरला. तळ्याच्या मधोमध एक बुडबुडा फुटला. राजाने पाय मागे घेतला.

"अहो... माउल्यांनो."

"हे नाव नव्हे, सरकार," राही म्हणाली. "खरं घ्या. नुसता शब्दच तर आहे."

राजाच्या कपाळावर घाम आला. "तूच घे की!"

"मी कशी घेईन? त्या आहेत असं मी म्हणते. नाहीत असं म्हणणाऱ्याने घ्यावं."

पागोटी खाली झुकली.

राजा चिडून म्हणाला, "मला शब्दांत गुंडाळू नकोस. दाखवणार होतीस ना? कुठे आहेत त्या?"

"सरकार, काल दरबारात घडाघडा बोलणाऱ्या एवढ्या माणसांची तोंडं आज कुणी धरून ठेवलीत? दुसरं कुणी दिसत असेल, तर सांगा. मी पाटी उचलते."

राजाने प्रधानाकडे पाहिलं, शास्त्रीबुवांच्या उपरण्याकडे पाहिलं, आपल्या मागे सरलेल्या पायाकडे पाहिलं. मग तो असा हसला, की काठावरचे बगळे उडाले.

"हरलो पोरी. घोडी माळावर पळतील. हे तळं गणोजी भोयाच्या वंशाला कायमचं दिलं. चिटणीस, लिहा."

चिटणिसाने बोरू टेकवला. "तळ्याचं नाव काय लिहू, महाराज?"

राजाने पाण्याकडे एक नजर टाकली आणि घोड्याचा लगाम धरला.

"ते वाड्यावर गेल्यावर सांगतो."