वाडीचा भाव

एकदा एक बाई आपल्या वृद्ध गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसली, ती अगदी रडकुंडीला येऊन. नाव शशिकला. पती वर्षापूर्वी निवर्तले, मूलबाळ नाही. पतीच्या निवृत्तीचे वीस लाख तिने दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांत, म्हणजे बाँडमध्ये, सात टक्क्यांनी गुंतवले होते. त्या व्याजावरच तिचं घर चालायचं.

"गुरुजी, बुडाले हो मी! रोज सकाळी फोनवर भाव बघते. आज विसाचे पावणेएकोणीस लाख झालेत. आता नवे रोखे आठ टक्के देतात म्हणे. एजंट सांगतो, विकून मोकळ्या व्हा, एक कंपनी बारा टक्के देतेय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

तेवढ्यात रस्त्याने हमीदभाई, नारळाचे व्यापारी, चालले होते. गुरुजींनी त्यांनाच हाक मारली. "भाई, माझी वाडी घेता का? बोला, काय द्याल?"

गुरुजींची नारळाची वाडी दहा वर्षांच्या खंडाने दिलेली होती. वाडी करणारा पीक घेतो आणि मालकाला दरसाल ठरलेले चाळीस हजार देतो.

हमीदभाई हसले. "मास्तर, खंडाची सहा वर्षं बाकी आहेत. तोवर मला चाळीसच मिळणार. शेजारच्या वाडीला आता पंचावन्न मिळतात. तो फरक मी किमतीतून कापणार की नाही? गेल्या वर्षीपेक्षा कमीच देईन."

"बरं," गुरुजी म्हणाले. त्यांनी भाईंना चहा पाजला, गप्पा मारल्या आणि निरोप दिला.

शशिकला चक्रावली. "विकायचीच नव्हती, तर भाव कशाला विचारलात?"

"तू रोज सकाळी दुसरं काय करतेस? वाडीतलं एक तरी झाड कमी झालं का? चाळीस हजार यंदाही येतील, मुदत संपली की वाडी पुरती माझी. तुझे रोखेही तसेच. व्याज ठरल्याप्रमाणे, मुदतीला पूर्ण वीस लाख. मध्येच विकलेस, तरच तोटा खरा होईल. म्हणून नडीपुरते पैसे नेहमी बाजूला ठेवावेत. आणि खंड किती यापेक्षा देणारा कोण, हे आधी बघावं. सगळे आठ देत असताना एकजण बारा का देतो? कमी व्याजात त्याला कुणी पैसे देत नाही म्हणून. त्याने हात वर केले, तर तू कुणाच्या दारात जाशील, शशी?"

शशिकलाला जायला दार नव्हतंच. तिने तिथूनच एजंटला फोन लावला. "रोखे विकायचे नाहीत. नाही म्हणजे नाही." पलीकडून फोन आपटला गेला.

शशिकलाने फोन बाजूला ठेवला.

"खरं सांगू, गुरुजी? भावातलं मला काही कळतं असं नाही हो. सकाळी उठल्यावर घरात कुणाचा आवाज नसतो. फोन उघडला की काहीतरी हललेलं दिसतं."

गुरुजींनी मान खाली घातली. त्यांची पत्नी जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"हमीदभाईंना मी दरवर्षी भाव विचारतो," ते हळूच म्हणाले. "वाडी विकणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तेवढंच कुणीतरी चहाला थांबतं."

शशिकलाने डोळे पुसले. "मग उद्या सकाळी मी येते चहाला," ती म्हणाली. "भाव नाही विचारणार."