एका भिंतीची दोन घरे

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिथे घडली त्या गावाचे नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या गावात एक कुंभार आणि एक सुतार शेजारी राहत. दोन घरांमध्ये एकच मातीची भिंत होती. तिला भेगा पडलेल्या, आणि भेगांत झुरळांचे राज्य. उतरंडीत झुरळे, पिठात झुरळे, अंथरुणाच्या घडीतसुद्धा झुरळे!

कुंभारणीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पण विहीणबाईंचा निरोप आला, "तुमच्याकडं प्यायच्या माठात झुरळं पोहतात. अशा घरात मी सुनेला धाडायची नाही." कुंभारणीच्या तोंडचे पाणी पळाले. पोरीचे पहिले बाळंतपण आणि आई जवळ नाही, हे तिला सोसवेना.

तशी ती दर सोमवारी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करी, कारण सोमवारी कुंभाराचे चाक बंद असे. सुतारीण मात्र अमावस्येला धूर करी, कारण त्या दिवशी सुतार हत्याराला हात लावत नसे. आपला दिवस सोडायला दोघीही तयार नव्हत्या. घाण पलीकडची आहे, अशी दोघींचीही खात्री. त्यावरून भांडण होऊन बोलणेही बंद झाले होते.

भिंतीतले म्हातारे झुरळ पिल्लांना सांगे, "धुराला भिऊ नका रे. सोमवारी तिकडं जायचं, अमावस्येला इकडं यायचं. पण या दोघी बोलताना दिसल्या, तर मात्र आपलं काही खरं नाही."

एका सोमवारी धुराने डोळे चोळत कुंभारीण भिंतीशी उभी राहिली. पाहते तर झुरळांची रांग भेगेत शिरत होती. इतक्यात पलीकडून सुतारीण ओरडली, "आली का मेली झुरळं परत!"

कुंभारणीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतके दिवस आपण झुरळे घालवत नव्हतो, शेजारी पाठवत होतो! ती तशीच सुतारणीच्या दारात गेली.

"अक्का, माझा सोमवार मी सोडला. येत्या अमावस्येला तुमच्याबरोबरच धूर करते. या झुरळांपायी विहीणबाई माझ्या पोरीला बाळंतपणाला धाडत नाहीत, तिला घरी येऊ द्या."

सुतारणीच्या ओठांवर टोमणा तयार होता. पोरीचे नाव निघताच ती तो विसरली. "अगं, माझ्याच अंगणात रांगली ना ती? मला आधी का नाही सांगितलंस?"

अमावस्येला सकाळीच दोन्ही घरांत धूर झाला. झुरळे तिकडे पळाली, तिकडे धूर. इकडे आली, इकडेही धूर. शेवटी ती अंगणात आली, आणि अंगणात कोंबड्या टपूनच बसल्या होत्या.

"बोलल्या वाटतं दोघी," म्हातारे झुरळ पुटपुटले. पुढचे बोलणे कोंबडीच्या पोटात झाले.

मग कुंभाराने चिकणमाती मळली आणि भिंत दोन्ही बाजूंनी लिंपली. सुताराने दोन्ही घरांच्या मडक्यांना घट्ट झाकणे करून दिली. उष्टी भांडी रात्रभर ठेवायची नाहीत, असे दोघींनी ठरवले आणि पाळलेही.

लेक माहेरी आली. बाळ झाले तेव्हा पाळणा सुताराच्या घरून आला, आणि बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घातले ते सुतारणीने.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या घरात ढकललेले संकट फिरून आपल्याच घरी येते; दोघांनी मिळून घालवले, तरच ते जाते.