पायातला रुपया

फार मागची गोष्ट. घराचा पाया भरताना घरधनिणीनं त्यात चांदीचा रुपया ठेवला आणि म्हणाली, "घर सांभाळ रे बाबा." पुढं माणसं गेली, घरही मातीला मिळालं. पण खाली रुपयाला ते कुणी सांगितलंच नाही.

एके दिवशी विश्रामतात्या जुनी नाणी हुडकायचं यंत्र घेऊन त्या माळावर आले. यंत्र रुपयाच्या डोक्यावर येऊन थबकलं.

"ओरडू नकोस गड्या," रुपया खालून म्हणाला. "मला काढलं तर घर ढासळेल. वर सगळी बरी आहेत ना?"

यंत्रानं पाहिलं. घर नव्हतं. नुसते खडे होते आणि खड्यांत टिटवीची चार अंडी होती.

"बरी आहेत, आजोबा. चार लेकरं आहेत," यंत्र म्हणालं आणि न वाजता आपला दिवा विझवून गप्प राहिलं.

"बॅटरी गेली वाटतं," म्हणत तात्या पुढं गेले.

खाली रुपयानं पुन्हा पाठ ताठ केली.