ड्रायव्हरची रजा

कोल्हापूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत श्रीरंग खांबेटे हे मुख्य डिझायनर होते. जावा या संगणकभाषेत साधा एक क्लास, म्हणजे एखाद्या गोष्टीचा आराखडा, लिहायचा तरी त्यांची परवानगी लागे. एका हॉस्पिटलच्या कामात त्यांनी रुग्णवाहिकेचा क्लास ड्रायव्हरच्या क्लासचा वारस करून टाकला, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी गाडी हा ड्रायव्हरचाच एक प्रकार झाला. ड्रायव्हरचं नाव, फोन, ड्यूटी, सगळं गाडीला आयतं मिळत होतं.

चाचणीत एका ड्रायव्हरची रजा टाकली, तर त्याची रुग्णवाहिकाच पडद्यावरून गायब झाली.

बैठकीत रेवती सोनटक्के ही प्रोग्रॅमर म्हणाली, "सर, गाडीला ड्रायव्हर असतो, गाडी म्हणजे ड्रायव्हर नव्हे. इथे वारसा नको. गाडीच्या क्लासमध्ये ड्रायव्हरसाठी एक जागा ठेवू. माणूस बदलला तरी गाडी राहील."

खांबेटे हसले. समोर हॉस्पिटलचे डॉक्टर बागवान बसले होते.

"पुस्तकी गोष्टी मला नका शिकवू. डॉक्टरांना पटेल असं एका वाक्यात सांगा, नाहीतर डिझाइन आहे तसंच जाईल."

रेवतीनं खांबेट्यांना विचारलं, "सर, तुमच्या गाडीवरचे ड्रायव्हर पोवारमामा उद्या येणार आहेत का?"

"नाही. मुलीच्या लग्नासाठी रजेवर आहेत."

"मग उद्या तुम्ही चावी घेऊन खाली गेलात, तर गाडी जागेवर असेल की तीही लग्नाला गेली असेल?"

खांबेट्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "बदल करून घ्या," ते म्हणाले.

डॉक्टर बागवान उठता उठता म्हणाले, "मला यातलं फारसं कळत नाही. पण आमच्या गाड्या लग्नाला जाणार नाहीत, एवढं बघा."